परक्याने दिलेला मान : वऱ्हाडातील संबोधनांचा इतिहास

मनुष्य मनुष्यास ज्या शब्दाने हाक मारतो, त्या शब्दात त्या काळची समाजव्यवस्था जितकी स्पष्ट उमटते, तितकी ती पुष्कळदा सनदांतून व ताम्रपटांतूनही उमटत नाही. सनद राजाकडून मिळते आणि ती घरात जपून ठेवता येते. हाक मात्र वाटेवरचा कोणीही मारतो, आणि तिच्यातील मान किंवा अवमान ऐकणाऱ्यास त्याच क्षणी कळतो. ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक अंकांतून आपण वतनांचा, देवस्थानांचा व कर्तबगार पुरुषांचा इतिहास आवडीने वाचतो. प्रस्तुत लेखात त्याहून लहान वाटणाऱ्या, परंतु प्रत्येकाच्या अंगाला दररोज भिडणाऱ्या एका गोष्टीचा विचार योजिला आहे. अनोळखी माणसाने आपणांस आदराने संबोधिले असता आपल्या मनात काय उमटते? संतोष, संकोच, संशय की राग? आणि अमरावती-अकोल्याच्या या प्रांतात ती भावना घडली कशी?

प्रथम आजची स्थिती पाहावी. मराठीत समोरच्या माणसास ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ अशा तीन पायऱ्यांवरून बोलता येते. वऱ्हाडी बोलीत याखेरीज लहान लहान संबोधक शब्दांची मोठी संपत्ती आहे. मित्राला ‘गा’, मायबहिणीला ‘व’, मोठ्याला ‘जी’, आणि वयाचा, नात्याचा किंवा ओळखीचा हिशेब न करता कोणालाही ‘भाऊ’, ‘बाप्पा’, ‘माय’. येथील शेतकरी आईबापांस ‘तू’ म्हणतो, देवालाही ‘तू’ म्हणतो, आणि त्यात अनादराचा लेश नसतो. अशा माणसाला एखाद्या परक्या, पांढरपेशा गृहस्थाने एकाएकी ‘आपण कोठून आलात?’ असे विचारले, तर तो बहुधा सुखावत नाही. तो सावध होतो. हा कोर्टाचा, वसुलीचा की मतांचा माणूस, असा प्रश्न त्याच्या डोळ्यांत दिसतो. त्याच गृहस्थाने ‘कोण्या गावचे जी, भाऊ?’ असे विचारले, तर तो खांद्यावरचे उपरणे झटकून बसायला जागा करून देतो. पहिला शब्द अधिक सभ्य असूनही दुसरा अधिक मानाचा का वाटतो, याचे कारण शोधू लागले असता सात शतके मागे जावे लागते.

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे गाव मराठी गद्याच्या जन्माशी निगडित आहे. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथे होते, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेही तेथेच. अलीकडे मराठी भाषा विद्यापीठ त्या गावी स्थापन झाले ते याच पुण्याईने. महानुभाव पंथाच्या या जुन्या वाङ्मयात संबोधनांचा जो व्यवहार दिसतो तो लक्षात घेण्याजोगा आहे. स्त्रियांच्या नावांस ‘आइसा’ व पुरुषांच्या नावांस ‘बास’ अशी आदरार्थी जोड तेथे लागलेली आढळते. महदंबेस महदाइसा म्हणत आणि नागदेवाचार्यांस भटोबास. महदंबा बालविधवा होती, परंतु तिच्या वैधव्याची खूण तिच्या संबोधनात कोठेही नाही. पंथात येणाऱ्याची जात पाहिली जात नव्हती, आणि भेटीच्या वेळी एकाने ‘दंडवत’ म्हणताच दुसऱ्यानेही ‘दंडवत’ म्हणण्याची रीत महानुभावांत आजही पाळली जाते. लहानाने मोठ्यास दिलेला शब्द तसाच्या तसा लहानाकडे परत येतो. ज्या मानाची परतफेड त्याच नाण्यात करता येते, तो मान घेणाऱ्यास जड होत नाही. पुढील सर्व इतिहास या एका कसोटीवर घासून पाहण्यासारखा आहे.

महानुभावांच्या मठाबाहेर व्यवहार निराळा होता. मध्ययुगीन राज्यकारभारात कोणास काय म्हणावे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. पत्राच्या आरंभी लिहावयाच्या संबोधनास ‘मायना’ म्हणत, आणि मायना चुकणे हा कारकुनाचा मोठा अपराध समजला जाई. ब्राह्मणास वेदशास्त्रसंपन्न, सरदारास राजमान्य राजश्री, वडिलांस तीर्थस्वरूप, धाकट्यास चिरंजीव, सुवासिनीस सौभाग्यवती, विधवेस गंगाभागीरथी अशी प्रत्येकाची जागा ठरलेली होती. मान हा एक प्रकारे वतनच होता, आणि वतनाप्रमाणेच त्यावर भांडणेही होत. देशमुख, देशपांडे, पाटील ही परगण्यांची व गावांची अधिकारपदे वऱ्हाडात पुढे आडनावे झाली ती या रीतीनेच. पद गेले तरी हाक राहिली.

या व्यवस्थेत खालच्याने वरचा शब्द उचलला तर काय होत असे, याचे एक लेखी उदाहरण मुंबईचे आहे. पेशवाईत ‘नमस्कार’ हा अभिवादनाचा शब्द ब्राह्मणांचा मानला जाई, आणि इतरांनी दंडवत, रामराम इत्यादी शब्द योजावेत असा दंडक होता. सोनार समाजाने आपणांस दैवज्ञ ब्राह्मण म्हणवून नमस्कार करण्यास आरंभ केला, तेव्हा ही तक्रार इंग्रजांच्या मुंबईपर्यंत गेली आणि १७७९ साली कंपनी सरकारने तेथील सोनारांस ‘नमस्कार’ हा शब्द वापरण्याची मनाई केली. समुद्रापलीकडून व्यापारास आलेल्या परक्या मंडळीने एका मराठी शब्दाच्या उच्चारावर हुकूम काढावा, ही घटना आज हास्यास्पद वाटेल. परंतु ज्यांच्यावर तो हुकूम बजावला गेला, त्यांस ती हास्यास्पद वाटली नसेल. एका शब्दाने कोणाचे धन वाढत नव्हते की जमीन घटत नव्हती. तरीही दोन्ही पक्षांस तो शब्द राज्यकर्त्यांपर्यंत नेण्याइतका मोलाचा वाटला, यातच संबोधनाचे खरे बळ आहे.

याच्याही खाली ‘जोहार’ होता. महार समाजास हा शब्द नेमून दिलेला होता, आणि जोहार घालणाऱ्याने धन्यास ‘मायबाप’ म्हणावे अशी रूढी होती. चोखोबांच्या अभंगांत जोहाराचे रूपक देवापाशी गाऱ्हाणे मांडण्यासाठी आलेले सर्वांस ठाऊक आहे. जोहारास जोहाराने उत्तर मिळत नसे, आणि ‘मायबाप’ म्हणणाऱ्यास कोणी ‘लेकरा’ म्हणून जवळ घेत नसे. शब्दांत नाते होते, पण ते एकाच दिशेने वाहत होते. दोष त्या शब्दाचा नव्हता. आजच्या झारखंडात हाच ‘जोहार’ आदिवासी बंधू एकमेकांस बरोबरीने व अभिमानाने घालतात. तेथे तो परत येतो, म्हणून तेथे तो गोड आहे.

इंग्रजी अमलात वऱ्हाडच्या संबोधनांस नवे वळण लागले. १८५३ साली निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या स्वाधीन केला, १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला, आणि पुढील वर्षी मध्यप्रांताच्या कारभारास जोडला गेला. निजामी अमलापासून रुळलेल्या साहेब, हुजूर, मेहेरबान या शब्दांच्या जोडीला आता सरकारी पदव्या आल्या. अमरावतीचे नामांकित वकील र. न. मुधोळकर हे १९१२ साली बांकीपूर येथील काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांचा उल्लेख त्या काळी ‘रावबहादुर’ असाच होई. त्याच शहरातील लोकमान्य टिळकांचे सहकारी गणेश श्रीकृष्ण खापर्डे (१८५४–१९३८) यांस मात्र लोक दादासाहेब म्हणत. दोघेही थोर होते आणि दोघांचीही देशसेवा निर्विवाद आहे. येथे केवळ दोन शब्दांचा इतिहास पाहावयाचा आहे. रावबहादुर ही पदवी सरकारने दिली आणि सरकारबरोबर गेली. १९५० च्या राज्यघटनेने अशा पदव्या देण्याची रीतच बंद केली. ‘दादा’ हे नाते लोकांनी दिले होते. त्यास कोणत्याही घटनेने हात लावला नाही.

ज्ञातिसंस्थांचा उदय याच काळातला आहे, आणि त्यांच्या कार्याचा मोठा भाग संबोधनांभोवती फिरत होता हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. १९०१ च्या खानेसुमारीत जातींची प्रतिष्ठेनुसार प्रतवारी लावण्याचा प्रयत्न झाला. तेव्हापासून पुढील खानेसुमाऱ्यांपर्यंत हिंदुस्थानातील शेकडो जातिसभांनी आपले नाव अमुक लिहावे, तमुक लिहू नये, असे अर्ज सरकारकडे धाडले. बाहेर हे चालले असता घरातही एक मोठी सुधारणा शांतपणे झाली. दप्तरांतून व बाजारांतून ज्यांची नावे गण्या, राम्या, रंगी, गंगी अशी तोडून उच्चारली जात, त्यांनी आपल्या सभांच्या कागदांवर ती गणपतराव, रामजी, रंगूबाई, गंगाबाई अशी पूर्ण छापली. जुन्या अहवालांतील सभासदांच्या लांबच लांब याद्या चाळताना नव्या पिढीस कंटाळा येतो. परंतु ज्याच्या बापास कचेरीतील पट्टेवाल्याने कधी ‘अरे’ सोडून हाक मारली नाही, त्याने छापील कागदावर आपल्या नावापुढे ‘राव’ पाहिले तेव्हा त्यास काय वाटले असेल, याची कल्पना करावी. देणगीदारांच्या यादीत हा ‘राव’ राहून गेला तर होणारे रुसवेफुगवे आपण हसण्यावारी नेतो. त्यांच्या मुळाशी पिढ्यांची उपासमार आहे.

मानाची ही भूक जेथे सर्वांत तीव्र होती, तेथे तिचे उत्तरही सर्वांत तेजस्वी निघाले. १९२७ साली अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली या शहरी परिषद भरली, आणि डॉ. पंजाबराव देशमुख या चळवळीच्या पाठीशी उभे राहिले. त्याच पिढीत विदर्भातील कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांनी ‘जय भीम’ या अभिवादनाचा प्रसार केला. एकाने ‘जय भीम’ म्हणावे व दुसऱ्यानेही ‘जय भीम’ म्हणावे, इतकी ती साधी गोष्ट आहे. परंतु ज्या समाजाच्या जोहारास शतकानुशतके उत्तर मिळाले नव्हते, त्याने परत येणारा शब्द निर्माण केला. रिद्धपूरच्या दंडवताशी त्याचे असलेले साम्य कोणाच्याही ध्यानात येईल.

याच संदर्भात ‘हरिजन’ या नावाची कथा आठवते. महात्मा गांधींनी ते नाव सद्भावनेने रूढ केले, आणि त्याचा अर्थ तर देवाचे लोक असा. तथापि १९३८ साली मुंबई विधिमंडळात ते कायद्याच्या भाषेत घालण्याचा प्रसंग आला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी विरोध केला आणि डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहाबाहेर पडले. ज्यांस ते नाव द्यावयाचे त्यांस विचारलेच नव्हते, हा आक्षेपाचा गाभा होता. शिवाय देणाऱ्याने ते नाव स्वतःस लावून घेतले नव्हते. इतरांनी कृपा म्हणून दिलेला गोड शब्द कडू का लागतो, हे यावरून समजते.

वऱ्हाडच्या संतांनी हा प्रश्न आपल्या परीने सोडविला. गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी झाला, आणि त्यांचे बालपण अकोला जिल्ह्यात आजोळी, दापुरे येथे, गुरे राखण्यात व शेत कसण्यात गेले. पुढे चिंध्यांचा अंगरखा, डोईवर खापर आणि हातात खराटा घेऊन ते गावोगाव फिरू लागले. दिवसा गाव झाडणारा हा अनोळखी माणूस भिकारी किंवा वेडा समजून लोक त्यास तुच्छतेने हाकारीत, आणि रात्री त्याच गावात त्याचे कीर्तन ऐकून ‘बाबा, बाबा’ म्हणत त्याच्या पायांशी धावत. बाबा त्यांस पायाला हात लावू देत नसत. स्वतः मात्र समोरच्या सर्व श्रोत्यांस, त्यांत सावकार असो की सालगडी असो, ‘बाप्पाहो’ अशी एकच हाक घालीत. दिवसाच्या ‘अरे’ने ते दुखावले नाहीत आणि रात्रीच्या ‘बाबा’ने फुलले नाहीत. १९५६ साली ते निवर्तले, आणि आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करून उभे आहे. यावलीस १९०९ साली जन्मलेल्या माणिकचे नाव गुरूंनी ‘तुकड्या’ ठेविले. त्यांनी आपल्या भजनांतून ‘तुकड्यादास’ म्हणूनच मुद्रा घातली, आणि ‘राष्ट्रसंत तुकडोजी महाराज’ ही वाढ लोकांनी केली. पापळचे पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले, १९३२ साली त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि पुढे दहा वर्षे ते केंद्रात कृषिमंत्री होते. तरी वऱ्हाडने त्यांस हाक मारली ती ‘भाऊसाहेब’. साहेबाच्या आधी भाऊ आला, म्हणून तो साहेब परका वाटला नाही.

बाजारातील मानाचा अनुभव निराळा आहे. कपाशीची गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्यास अकोल्याच्या बाजारात ‘या पाटील, बसा पाटील’ असे म्हटले जाते, तेव्हा तो मनातल्या मनात भावाचा हिशेब पुन्हा करतो. आज बँकेतून किंवा विम्याच्या कचेरीतून दूरध्वनीवर येणारे ‘सर’ आणि ‘मॅडम’ याच जातीचे आहेत. तो शब्द व्यक्तीला उद्देशून नसतो, तिच्या खिशाला उद्देशून असतो, हे ऐकणाऱ्यास लगेच कळते. उलट पोलिसाच्या कागदावरील ‘इसम नामे अमुक’ हा शब्दप्रयोग शिवी नसूनही टोचतो, कारण त्यात माणसाचे सारे नातेगोते पुसलेले असते.

स्त्रियांच्या बाबतीत आपला इतिहास अधिक खेदकारक आहे. ‘बाई’ हा शब्द जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई यांच्या नावांत तळपला. शाळेत तो अजून गुरूस लागतो. परंतु घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या स्त्रीस तो लागू लागल्यापासून सुशिक्षित स्त्रियांस तो नकोसा झाला, आणि त्यांनी ‘ताई’ व ‘मॅडम’ जवळ केले. शब्द खाली घसरला, की त्या शब्दाने ओळखली जाणारी श्रमाची बाजू आपण खाली ढकलली, याचा विचार व्हावा. एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावामागे ‘गं. भा.’ म्हणजे गंगाभागीरथी असे लावावे, अशी सूचना राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांकडून पुढे आली, आणि महाराष्ट्रभर स्त्रियांनी तिचा निषेध केला. अखेर असा कोणताही निर्णय झालेला नाही, असे मंत्र्यांस सांगावे लागले. दोन पवित्र नद्यांची नावे असूनही स्त्रियांस राग का आला? कारण विधुरासाठी तशी कोणतीच नदी राखून ठेवलेली नाही. जो मान फक्त एकीकडेच चिकटतो, तो मान नसून खूण असते.

हा प्रश्न केवळ आपला नव्हे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी लहानथोर सर्वांस एकवचनी संबोधन वापरण्याचा नेम केला आणि त्यासाठी मारहाण व तुरुंग सोसला. स्वीडनमध्ये १९६७ साली वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी आपण सर्व सहकाऱ्यांस ‘तू’ म्हणणार असे जाहीर केले, आणि तेथे पदव्यांनी बोलण्याची चाल मावळत गेली. केरळातील माथूर ग्रामपंचायतीने २०२१ साली आपल्या कचेरीत ‘सर’ व ‘मॅडम’ म्हणण्याची प्रथा बंद केली. युरोपीयांनी सर्वांस खाली ‘तू’ वर आणून समता साधली. आपण सर्वांस वर ‘राव’, ‘जी’, ‘साहेब’ यांवर चढवून ती साधू पाहिली. आपला मार्ग वाईट नाही. मात्र शिडीवर चढताना मागच्याचा हात सोडला, तर शिडी तशीच राहते आणि फक्त आपली पायरी बदलते.

म्हणून या लेखाच्या शेवटी ज्ञातिबंधू व भगिनींपुढे एक नम्र विचार ठेवावासा वाटतो. आपल्या वार्षिक संमेलनात व्यासपीठावरील प्रत्येकाचे नाव सर्व उपाधींसह पुकारले जाते, आणि ते योग्यच आहे. त्याच दिवशी मांडव घालणारे, पंगतीचा स्वयंपाक करणारे, उष्ट्या पत्रावळी उचलणाऱ्या स्त्रिया आणि पहाटे सभागृह झाडून जाणारा माणूस यांस आपण कोणत्या शब्दाने बोलावितो? त्यांची नावे तरी आपणांस ठाऊक असतात काय? आपल्या पूर्वजांनी ज्या ‘अरे’विरुद्ध अर्ज केले, तोच ‘अरे’ आपल्या तोंडून दुसऱ्याच्या बापास लागत असेल, तर त्या अर्जांवरील आपल्या सह्या व्यर्थ गेल्या असे म्हणावे लागेल. अंकातील याद्यांपुरते बोलावयाचे तर विवाहिता, अविवाहिता व विधवा असे तीन भाग न पाडता सर्व भगिनींच्या नावांमागे ‘श्रीमती’ हा एकच शब्द छापणे अवघड नाही. पुरुषांस ‘श्री.’ पुरतो, मग स्त्रियांस एक शब्द का पुरू नये?

गो. नी. दांडेकरांनी वऱ्हाडी बोलीत लिहिलेल्या कादंबरीचे नाव ‘पूर्णामायची लेकरं’ असे आहे. या प्रांताने आपल्या नदीलाही नात्यानेच हाक मारली आहे. पूर्णेच्या दोन्ही तीरांवरील माणसे त्या हिशेबाने एकमेकांची भावंडे ठरतात. उद्या मूर्तिजापुरास किंवा बडनेऱ्यास गाडी बदलताना एखादा अनोळखी माणूस आपणांस ‘भाऊ’ म्हणून वाट विचारील. त्यास वाट तर दाखवावीच, पण उत्तराच्या आरंभी तो शब्द त्याचा त्यास परतही करावा.